पाय वर घ्या

हातात फडकं नसलं की मावशींना करमायचं नाही. गल्लीत सगळे त्यांना टापटीप मावशी म्हणायचे. ते कौतुकाने म्हणायचे की वैतागून, हे ज्याच्या त्याच्या घरावर अवलंबून होतं. लेक तर म्हणायची, "आई, तुला न्यायला यमदूत आला तरी त्याला आधी पायपुसण्यावर पाय पुसायला लावशील."

"लावीन. त्यात काय?" मावशी म्हणायच्या.

अशा बाईवर पुरावा पुसल्याचा आरोप यावा, म्हणजे कमालच झाली!

झालं ते असं. एकट्या राहणाऱ्या एका आजींकडे मावशी दिवसभर कामाला असायच्या. लादी पुसायची वेळ झाली की आजी न सांगता दोन्ही पाय खुर्चीवर घ्यायच्या आणि खालून फडकं फिरेपर्यंत लहान मुलीसारख्या बसून राहायच्या. एका सकाळी आजी न्हाणीघरात घसरून पडल्या, डोक्याला मोठी खोक पडली. मावशी स्वयंपाकघरातून धावल्या. अँब्युलन्स आजींना घेऊन गेली आणि घर बंद करायला मावशी मागे राहिल्या. आता मावशीच त्या! त्यांनी न्हाणीघर घासून लख्ख केलं, रक्ताचा टॉवेल धुऊन वाळत टाकला आणि मगच कुलूप लावलं. आजी घरी येतील तेव्हा त्यांच्या नजरेला ते पडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

आजी शुद्धीवर आल्या, पण ती सकाळ त्यांच्या डोक्यातून साफ गेली होती. आजींच्या पुतण्याने विचारलं, "रक्त धुतलं कशाला? काय लपवायचं होतं?" पोलिसांनीही तेच विचारलं. "घाण होती, पुसली," मावशी म्हणाल्या. हे उत्तर इतकं खरं होतं की कुणाच्या गळीच उतरेना. आजींना ढकलून जखमी केलं आणि पुरावा नष्ट केला, असा गुन्हा दाखल झाला आणि मावशींना अटक झाली.

लेक मोफत कायदेशीर मदतीच्या कचेरीत धावली आणि तिथून वकीलबाई मिळाल्या. त्यांनी आधी जामीन मिळवला. खटला संपेपर्यंत आजींना भेटायचं नाही, अशी त्यात अट होती. तुरुंगाची धास्ती तर मावशींना होतीच, पण त्याहून एक गोष्ट आत कुरतडत होती. आजींनाही वाटत असेल का, की हिनेच ढकललं?

वकीलबाईंचं ऑफिस टायरच्या दुकानावर होतं. टेबलावर फायलींचा ढीग, पंख्याच्या पात्यांवर धूळ, कपांच्या तळाशी वाळलेला चहा. एरवी मावशींनी आल्या आल्या पदर खोचला असता. त्या दिवशी त्या हात मांडीखाली दाबून बसल्या. बोलता बोलता वकीलबाईंचा कप कलंडला, चहा टेबलाच्या कडेवरून ठिबकायला लागला. मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"घरीसुद्धा असंच चाललंय," लेकीने डोळे पुसले. "फडक्याला हातच लावत नाही."

"पुसलं म्हणून तर आत गेले," मावशी पुटपुटल्या.

वकीलबाईंनी जुन्या वर्तमानपत्राने चहा टिपला आणि खुर्ची जवळ ओढली. "मावशी, ती सकाळ मला सांगू नका. करून दाखवा. हा कोपरा न्हाणीघर, ते कपाट दार. उठा."

मावशी उठल्या. न्हाणीघराशी वाकल्या, उलट्या पावली धावल्या आणि कपाटावर दोन्ही हातांनी धडाधडा थापा मारल्या.

"हे काय?"

"शेजारणीचं दार."

"ती आली? आतपर्यंत?"

"आली की! तिनेच आजींच्या डोक्याला टॉवेल दाबून धरला. फोनही तिनेच केला."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"त्यांनी कुठे विचारलं? त्यांचं आपलं एकच, पुसलं का, पुसलं का."

वकीलबाई हसल्या. इतक्या दिवसांत मावशींसमोर कुणीतरी पहिल्यांदाच मोकळेपणी हसलं. पुढे दर तारखेला त्या मावशींना समजावायच्या, आज काय होणार, कोण काय विचारणार, कुठे गप्प बसायचं. एकदा सांगून कळलं नाही तर पुन्हा सांगायच्या, आणि तोंड वाकडं करायच्या नाहीत. त्यांचे उपकार कसे फेडू, असं मावशींना तेव्हापासूनच वाटायला लागलं होतं.

शेजारीण सरकारी पक्षाची साक्षीदार होती. खिडकीतून मावशींना पुसताना पाहिलं, एवढंच तिला विचारलं आणि तेवढंच तिने सांगितलं. मग वकीलबाई उठल्या.

"ते रक्त तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलंत?"

"आजी पडल्या तेव्हाच. ही दार बडवत आली ना!"

"म्हणजे पुसण्याच्या आधी?"

"आधीच की. अँब्युलन्सच्या माणसांनीही पाहिलं. आणि पुसण्याचं काय घेऊन बसलात? ही आमच्याकडे निरोप द्यायला आली तरी ओटा पुसून जाते!"

कोर्टात हशा पिकला. वकीलबाई मात्र हसल्या नाहीत. त्या न्यायाधीशांकडे वळल्या. "साहेब, या बाईंनी स्वतः माणसं बोलावून दाखवलं. मग लपवलं कुणापासून?"

घसरून पडल्यानेही अशी जखम होते, हे डॉक्टरांनी साक्षीत मान्य केलं. मावशी निर्दोष सुटल्या. निकाल ऐकल्यावर वकीलबाईंनीच त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

"आता कुठे सोडू? घरी?"

"आजींकडे," मावशी म्हणाल्या. "सोबत याल?"

पुतण्याने दार उघडलं आणि मान खाली घालून बाजूला झाला. आजी नेहमीच्या खुर्चीत होत्या. मावशी उंबऱ्यातच थांबल्या. कोपऱ्यात फडकं होतं, कडकडीत वाळलेलं. आजींनी मावशींकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं आणि दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

मावशी धाय मोकलून रडल्या. मग नाक ओढलं, पदर खोचला, फडकं भिजवून पिळलं आणि खाली बसल्या. दोन हात मारले न मारले, तोच मान वर करून त्यांनी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या वकीलबाईंकडे पाहिलं.

"वकीलबाई, तुम्हाला काय वेगळं सांगायचं? घ्या पाय वर."

भर कोर्टात कुणाला न बधणाऱ्या वकीलबाईंनी मुकाट्याने पाय वर घेतले.