आर्मेनियाचा मुकुट अन् पाखऱ्याचं बाशिंग

कुरुंद्याजवळच्या त्या वाडीत पोळ्याला बैलांच्या आधी काठ्या निघायच्या. तोरणाखालून पहिला बैल वरच्या आळीचा की खालच्या, ह्यावरून मागच्या साली तर पोलिसांनी तोरणच उतरवलं. बाकीच्यांना काय, दारात ट्रॅक्टर उभे. तळमळ होती ती दोन्ही आळ्यांच्या मधोमध राहणाऱ्या ग्यानोबाला. त्याचा बैल पाखऱ्या थकत चालला होता, अन् बाशिंग बांधून तोरणाखालून एकदाही गेला नव्हता.

नात प्रतीक्षा परीक्षेसाठी इतिहास मोठ्यानं वाचायची. ग्यानोबा कासरा वळता वळता ऐकायचा. एका दुपारी त्यानं एक पान पुन्हा वाचायला लावलं अन् गालातल्या गालात हसत राहिला.

औंदाच्या बैठकीत वरच्या आळीचे भागवतराव अन् खालचा बालाजी समोरासमोर तापले, तसा ग्यानोबा मधी सरकला.

"आर्मेनिया नावाचं राज्य होतं. इकडून रोमचा बादशहा, तिकडून इराणचा. दोघंबी म्हणायचे, तिथला राजा आमीच बसवणार. लढून लढून टेकीला आले."

"ग्यानोबा, आपण बैलाचं बोलून राहिलो," भागवतराव म्हणाले.

"मीबी बैलाचंच. शेवटी ठरलं, राजा इराणवाल्याचा भाऊ, पण मुकुट घालणार रोमवाला. तो भाऊ, तिरिदात त्याचं नाव, रोमला जाऊन मुकुट घालून आला. निवडायचा मान ह्याचा, चढवायचा त्याचा."

"म्हंजे नाक घासायलाच गेला की, तात्या," बालाजीनं डिवचलं.

"व्हय, पण तलवार न्हाई सोडली पठ्ठ्यानं. म्यानात घालून वरून खिळे ठोकले, उपसताच येऊ नये अशी. ह्याची अब्रू राहिली, त्याची भीती गेली."

भागवतरावांनी मिशीवर हात फिरवला. "बराबर हाय. बैल आमी निवडू, बाशिंग ह्यांनी बांधावं."

"तुमच्या आळीच्या बैलाला माझा हात लागायचा न्हाई," बालाजी उसळला.

"अन् तुमच्या आळीतला मी निवडायचा न्हाई."

ग्यानोबा तंबाखू मळत बसला. भागवतराव त्याच्याकडं बघतच राहिले.

"लबाडा, मधल्या घरचा तुझाच बैल उरला की!"

पोळ्याला भागवतरावांनी पाखऱ्याच्या कपाळी गुलाल लावला, बालाजीनं बाशिंग बांधलं. मंगलाष्टका झाल्या, दोन्ही आळ्यांचे ढोल कडाडले. ग्यानोबा नवा फेटा सावरत कासरा धरून निघाला, छाती अशी की वेस अपुरी पडावी. ऐन तोरणाखाली पाखऱ्या थबकला, मान वर केली अन् आंब्याची पानं ओरबाडून निवांत चघळू लागला. मागं सगळ्या गावचे बैल खोळंबले.

"हाकल की, तात्या," बालाजी हसत म्हणाला.

"राजा हाय तो," ग्यानोबा म्हणाला. "खाऊ दे."