भास्करची गच्ची गळली नव्हती

घाटावर भास्करची चिता अजून पेटायची होती, आणि आमच्या हुडकेश्वरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ शेजारच्याला सांगत होते, माणूस दिलदार होता, पण आमची गच्ची मात्र त्याने बिघडवली. ऐकणाऱ्याने मान हलवली. मीही तिथेच उभा होतो. त्याला आता महिना होऊन गेला.

भास्कर माझा कुहीच्या शाळेतला मित्र. मी नोकरीत गेलो, तो गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगच्या धंद्यात. तोंडाचा फटकळ, स्वतःच्या कामाचा भारी गर्व. विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून झाला की पाइपांची तोंडं बुजवून तो गच्ची आठवडाभर पाण्याने भरून ठेवायचा, आणि खालच्या घरात नेमका छताखाली खुर्ची टाकून चहा मागायचा. आमच्याकडेही त्याने हेच केलं. जाताना मला, सेक्रेटरीला, बजावलं, "हिच्यात खिळा ठोकू देऊ नको. ठोकते लोकं, अन् नाव माझं जाते." मी जिन्यात तशी पाटीच लावली, खाली माझी सही.

पुढे माझ्याच मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गच्चीवर मंडप पडला. खांब वाळू भरलेल्या डब्यांत उभे होते. पण वारा सुटला, पाहुणे यायची वेळ झाली, आणि लोखंडी खुंट्या ठोकू का, असं मंडपवाल्याने विचारलं. मी हो म्हटलं. पावसाळ्यात वरच्या मजल्याची छतं गळू लागली.

भास्कर आला, उकिडवा बसला, एका भोकात बोट घालून पाहिलं. "मंडप तुयाच पोरीचा होता ना गा?"

मी हो म्हटलं.

"मंग मीटिंगमधी सांगजो. लय बोलून राहिले लोकं मले."

मीटिंगमध्ये मला पाटीखालची सही आठवली... आणि मी पुढचा विषय घेतला. मीटिंगला बोलावलेला भास्कर, एरवी कुणाचं ऐकून न घेणारा, त्या दिवशी चपला घालून जिना उतरला. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने एकेक भोक खरवडून भरलं, पैसे न घेता. आपली गच्ची गळताना त्याला बघवत नव्हती, एवढंच. पण तेच त्याच्या अंगाशी आलं. चूक नव्हती तर फुकट कशाला केलं, असं जो तो म्हणू लागला. आमच्या भागात त्याला पुन्हा काम मिळालं नाही. माझ्याकडे येणंही त्याने सोडलं.

तेरवीनंतर मी हे सगळं सुमनवहिनींना सांगितलं. मला वाटलं होतं, नवऱ्याच्या आठवणीने त्या रडतील, मग मला माफ करतील. त्या पदर सावरत म्हणाल्या, "मले काहून सांगून राहिले, भाऊजी? मले तर तवाच माहीत होतं. बिल्डिंगीत सांगा."

आमच्या बिल्डिंगमध्ये पेपरची ही पुरवणी घरोघरी येते, म्हणून इथे लिहितो आहे. परवाच्या पावसानंतर मी वर गेलो होतो. भास्करने भरलेले ठिपके अजून वेगळे दिसतात, दोन सरळ रांगांत, मंडपाच्या खांबांसारखे. बिघडलेला कोबा असा रांगेत फुटत नाही. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी यावं... गच्चीची किल्ली माझ्याकडेच असते.