पायाळूचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी माझे पाय बाहेर आले, मग डोकं. आमच्याकडं कुणाची कंबर धरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. लग्न होऊन आले तशी आजूबाजूच्या गावांतून लोकं यायची आणि मीही मोठ्या तोऱ्यात पाय लावायची.

आमच्या मालकांची सेनगाव-हिंगोली जीप. ती चालवून चालवून त्यांच्या मणक्यातली गादी सरकली. डॉक्टरांनी हिंगोलीतल्या एका व्यायामवाल्या बाईंकडं धाडलं. बाईंनी बजावलं, कमरेत वाकायचं नाही, झोपेतून ताडकन उठायचं नाही, पाठ कुणाकडून दाबून घ्यायची नाही. रांगत्या लेकरासारखं हातागुडघ्यांवर व्हायचं, पोट आवळायचं, श्वास चालू ठेवायचा आणि एक हात पुढं, उलट्या बाजूचा पाय मागं लांब करायचा. दहा आकडे मोजायचं काम माझ्याकडं.

दोन महिन्यांत पोटरीपर्यंत उतरणारी कळ मांडीपर्यंतच यायला लागली. बाई म्हणाल्या, हे सुधारण्याचंच लक्षण. पण जीप चुलत दीर चालवत होते आणि यांना घर खायला उठायचं. एक दिवस म्हणाले, "लोकाला पाय लावतीस, अन् मलाच काहून न्हाई?"

बाईंचं बोलणं मला बराबर आठवत होतं. खोटं कशाला बोलू, माझ्या पायाचा मला गर्वच होता. ते पालथे झोपले. मी पाय ठेवला आणि चांगला दाबला. ते ओरडले नाहीत, नुसती सतरंजी मुठीत धरली.

दुसऱ्या दिवशी उजव्या पायातली चप्पल गळून पडायला लागली. ऑपरेशन झालं. नस कितपत सुधारेल ते सांगता येत नाही, म्हणाले डॉक्टर. ब्रेकचाच पाय तो. दिरांनी जीपला गिऱ्हाईक बघायला घेतलं. कुणी विचारलं तर मालक सांगतात, गाडी खड्ड्यात आदळली. माझं नाव घेत नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कधी वाटतं, हा माझा पाय विळ्यानं तोडून टाकावा.

आता पुन्हा व्यायाम सुरू झालाय. डावा हात पुढं, उजवा पाय मागं. पाय उठतो, पंजा मेल्यासारखा लोंबतो. तोंड जमिनीकडं, त्यांना ते दिसत नाही, तिथली जाणीवही गेली आहे. रोज विचारतात, "पंजा सरळ झाला का गं?" रोज मी पुढचा आकडा म्हणते.

काल माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, "व्हय, झाला जरासा."

ते भिंतीला धरून उठले आणि दिरांना फोन लावला. म्हणाले, "गाडी इकू नको रे. पाय सुधरून राहिला माझा."