गुरुवारच्या काकांचा हलका केक

मी काही लिहावे असे माझ्याजवळ फारसे नाही, आणि लिहिण्याचा अधिकार तर त्याहून नाही. माझे वडील करजणजवळच्या एका खेड्यात देवाची पूजा करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा ज्यांची लेखणी मुरलेली आहे त्यांनी माझे हे धाडस उदार मनाने सोसावे. पण एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो: साऱ्या जगाचे वजन कमी करायला निघालेला माणूस बडोद्यात एकच होता, आणि त्यांच्या घरी मी दर गुरुवारी जेवत होतो.

माझ्यासारखी मुले तेव्हा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी पान, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा आठवडा भरायचा. माझा गुरुवार मांडवीजवळच्या एका गल्लीत होता. यजमानांना मी तोंडावर काका म्हणे आणि मनात गुरुवारचे काका. ते सरकारच्या फराशखान्यात होते. कोणी बडा पाहुणा आला की तंबू, कनाती, जाजमे आणि खुर्च्या यांची मांडामांड त्यांच्याकडे असे. शामियान्याचे खांब उचलवून घेण्यात जन्म गेल्यामुळे असेल, पण जगातली प्रत्येक वस्तू वाजवीपेक्षा जड आहे असे त्यांचे ठाम मत झाले होते. त्यांनी आपल्या पगडीच्या आतले सारे भरण काढून टाकले होते, त्यामुळे ती कानांपर्यंत खाली येई आणि समोरचा माणूस बघण्यासाठी त्यांना मान मागे टाकावी लागे. घरातल्या पाटाला त्यांनी इतका रंधा मारला होता की त्यावर बसताना मी जीव मुठीत धरून बसे. जिन्यात पाऊल वाजले की आतूनच म्हणत, "जड माणूस येतोय, चहा कमी टाक." एकदा माझ्या काखेत इतिहासाचे जाडजूड पुस्तक पाहून त्यांना खरेच वाईट वाटले. "अरे, परीक्षेला यातलं येतं किती? तेवढंच आणावं," ते म्हणाले. मी नुसता हसलो. वार जेवणाऱ्या मुलाने यजमानाशी वाद घालायचा नसतो.

काकांच्या या सगळ्या खटाटोपाला अर्थ आला तो केकमुळे. राजवाड्याच्या बागेत कुणा साहेबाच्या मानाप्रीत्यर्थ मेजवानी झाली, आणि तिथे खुर्च्या लावताना त्यांनी थरांचा केक पाहिला. एकावर एक थर, मध्ये पांढरे काहीतरी, वरही तेच लिंपलेले. घरी आल्यावर त्यांनी त्याचे असे वर्णन केले की जणू सरकारांनी नवा महाल बांधला आहे. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांचे पोटाचे दुखणे जुने होते, वैद्यबुवांनी तूप-लोणी बंद केलेले, आणि दुखण्याआधीही त्यांनी कधी स्वतःसाठी काही मागितल्याचे कुणाला आठवत नव्हते. लुगडे आणले तर नेसत, नाही आणले तर जुन्याला टाका घालत. त्या काकू सुपातून डोके वर न काढता म्हणाल्या, "एकदा खाऊन पाहायला हवा."

एवढेच. पण काका त्या दिवसापासून बदलले. "माझ्या सगळ्या संसारात तिनं तोंडानं मागितलेली ही पहिली वस्तू," ते मला पान वाढता वाढता सांगत. काकू आतून ओरडत, "त्या मुलाला जेवू द्या आधी!"

केक तर त्यांनी जमवला. अंडे घरात येणे शक्य नव्हते. रवा आंबट दह्यात भिजवून, सोडा घालून, वाळू भरलेल्या पातेल्यात डबा ठेवायचा आणि झाकणावर निखारे रचायचे. फुगून आला की ताणलेल्या दोऱ्याने त्याचे आडवे थर कापायचे. हे काम ते तंबूचा खांब ओळंब्यात घेत असल्यासारखे एक डोळा मिटून करीत. अडचण होती ती मधल्या पांढऱ्या वस्तूची. साहेबाच्या केकमध्ये साखर घालून फेसलेले लोणी असते असे त्यांना आचाऱ्याकडून कळले होते, आणि लोणी तर काकूंना वर्ज्य. म्हणजे त्याहून हलके काहीतरी पाहिजे. हलकेपणात आपल्याला कोण हरवणार, अशा आनंदात काकांनी पहिल्याच गुरुवारी श्रीखंड भरले.

त्या गुरुवारचे मला अजून सगळे आठवते. उन्हाळा होता. केक पाटावर मध्यभागी ठेवला, आणि आमच्या डोळ्यांदेखत वरचा थर सावकाश, अगदी खानदानी चालीने, खाली उतरला. काका धावले आणि त्यांनी बांबूच्या काड्या वरून आरपार ठोकल्या. मग चारी बाजूंनी दोरे बांधून ताणून धरले. केक उभा राहिला, पण खायचा कसा हे कुणालाच कळेना. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. इतक्या हसताना मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते.

पुढच्या वेळी दुधाच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर होतो. दुकानदार भाई म्हणाला, "काका, आ शुं माथाकूट? श्रीखंड पुरी साथे खवाय, पांउमां नहीं!"

"पांउ नथी भाई, केक छे," काका दुखावून म्हणाले.

"तो मठो लई जाव. श्रीखंडथी हलको." श्रीखंडापेक्षा सैल असा हा आमच्या बडोद्याचा मठ्ठा. काका तो घेऊन निघाले ते जवळजवळ उडतच. मठ्ठा इतका हलका निघाला की केकने तो सगळा पिऊन टाकला, आणि पानात दहीवड्यासारखे काहीतरी आले. मग बासुंदी झाली, आवळ्याचा मुरंबा झाला, केळी कुस्करून झाली. एकदा नुसता दुधावरचा फेसच भरला. काका हातात चमचा घेऊन वाकेपर्यंत तो विरूनही गेला होता. मी सगळे खाल्ले. दुसऱ्या कुठल्या वाराला इतके गोड मिळत नसे, हेही खरे.

काकूंच्या पानात मात्र लहानसा तुकडा असे. त्या पानावर शेवटी बसत, तुकडा संपवत आणि म्हणत, "छान झालाय हो." काका दाराच्या चौकटीला टेकून वाट बघत उभे. काकू पान उचलून उठत, आणि काका माझ्याजवळ येऊन कुजबुजत, "नाही जमलं."

"पण काकू छान म्हणाल्या," मी एकदा भीत भीत बोललो.

"वाढलेलं कुणीही खातं रे. हलकं झालं असतं तर आणखी एक मागून घेतला असता."

यावर मला बोलता येण्यासारखे होते. आठवड्याचे सगळे दिवस मी परक्या पानावर बसत होतो. आवडलेली आमटी पुन्हा मागावी असे कितीदा वाटे, पण तोंड उघडत नसे. न मागण्याची सवय एकदा लागली की तिचा पदार्थाशी काही संबंध राहत नाही. पण हे मी काकांना कसे सांगावे? आणि त्यांचे न मागणे मला उमगते हे काकूंना कळू नये असेही वाटे. एका गुरुवारी त्यांनी माझ्या पानात न विचारता दुसरा तुकडा टाकला आणि हलकेच म्हणाल्या, "तू नाही मागायचास, ठाऊक आहे मला." मी मान खाली घालून खाल्ला.

परीक्षा पास झालो आणि मला ओखामंडळात शाळामास्तरची जागा मिळाली. निघायच्या आधीच्या गुरुवारी काकांनी पुन्हा काहीतरी भरले होते, काय ते आता आठवत नाही. काकूंनी तुकडा संपवला, हात धुतला. जिन्यापर्यंत पोचवायला आलेले काका म्हणाले, "तू काळजी करू नकोस. जमेल." जणू नोकरीला मी नाही, तेच निघाले होते. माझी वळकटी त्यांनी हातात तोलून पाहिली आणि मान हलवली. "फार जड."

समुद्राकाठच्या गावी बडोद्याच्या बातम्या उशिरा येतात, माझ्यासारख्याच्या बातम्या तर त्याहून उशिरा. पावसाळा सरून गेल्यावर माझा कॉलेजातला खोलीसोबती कामानिमित्त इकडे आला. काकूंच्या घरी त्याचा रविवार असे. जेवण झाल्यावर ओसरीवर बसून तो म्हणाला, "काकू गेल्या. आषाढात."

शेवटी त्यांना काहीच पचत नव्हते, तो सांगत होता. दुधात शिजवलेले आरारूट तेवढे चमच्याचमच्याने जाई. काका ते स्वतः ढवळत. एके दिवशी ढवळता ढवळता थांबले आणि म्हणाले, "अरे, हेच की!" त्याच दिवशी पातेल्यात वाळू भरली. पण केक होऊन थर कापेपर्यंत काकूंना शुद्ध राहिली नव्हती.

दहाव्याला विश्वामित्रीच्या काठी काकांनी पिंडाजवळ पानावर केकचे तुकडे मांडले. पहाटे उठून स्वतः निखारे फुंकून केलेला. भटजी बघतच राहिले.

"हे काय?"

"केक."

"अंडं?"

"नाही. रवा, दही, दूध, आरारूट. तुम्हालासुद्धा चालेल."

"पण याला शास्त्रात—"

"तिनं मागितला होता," काका म्हणाले, आणि भटजींनी पुढचा मंत्र सुरू केला.

"भाताला कावळा शिवेना," माझा सोबती सांगत होता. "बराच वेळ गेला. मग एक आला आणि सरळ केकचा तुकडा घेऊन उडाला. सगळ्यांना हायसं वाटलं, मंडळी उठायला लागली. काका जागचे हलेनात. चौकटीला टेकून उभे राहायचे ना, तसेच उभे. आणि खरं सांगतो, तो कावळा परत आला. भाताकडे त्याने बघितलंही नाही. दुसरा तुकडा उचलला आणि गेला."

"मग काका?"

"पगडी हाताने मागे सारून कितीतरी वेळ वर बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं. म्हणाले, त्या ओख्याच्या मुलाकडे कधी गेलास तर एवढं सांग. म्हणावं, मागून घेतला."