ओव्यांची नोंद
कार्बन पेपरचा वास आला, की माझा प्रबंध जिथे टाइप झाला, ते परभणीतलं टंकलेखनाचं दुकान आठवतं. प्रबंधातल्या जात्यावरच्या ओव्या पेडगावच्या एका वृद्ध बाईंनी सांगितल्या होत्या. पुस्तकच नसताना संदर्भसूचीत लेखक, प्रकाशक काय लिहायचं? मार्गदर्शक सर म्हणाले, “मुलाखत म्हणून नोंदव. लेखकाच्या जागी त्यांचं नाव, पुढे गाव आणि तारीख.” पूर्ण नाव विचारायला गेले, तर बाई म्हणाल्या, “माझं कशाला? ह्या समद्या माझ्या मायच्या हायत. तिचं लिव्ह.” सरांनी ते पान पुन्हा टाइप करायला लावलं, बाईंच्या नावापुढे ‘आईकडून ऐकलेल्या’ आणि त्या माउलीचं नाव आलं. बांधलेल्या प्रतीतलं ते पान वाचून दाखवलं, तेव्हा बाई डोळे पुसत हसल्या. आज संदर्भ शिकवताना मी आधी विचारते, “हे तुला कुणी सांगितलं?” ते सरांचं आणि त्या बाईंचं देणं आहे.