चहा झाल्याशिवाय पब्लिश होत नाही

आमच्या त्या ऑफिसातली जुनी मंडळी कुठे भेटली, की थोड्याच वेळात कुणीतरी म्हणतं, "पण बिल्ड तर झालं होतं ना!" आणि मग जेवण गार होतं. असे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. फ्रिजच्या दारात सॉसच्या पुड्या साठतात, तसे ते आपोआप साठत जातात.

ऑफिस शरणपूर रोडला, एका टायरच्या दुकानाच्या वर. दोन हजार सालानंतरचे दिवस, नाशिकमध्ये ज्याला त्याला वेबसाइट हवी होती आणि आम्ही ती करून द्यायचो. मालक कुलकर्णी सर, मी, सचिन आणि नवीन आलेली वैशाली. सर्व्हरही आमच्याच ऑफिसात, लोखंडी कपाटाशेजारी. आपल्या साइट दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवणं म्हणजे सरांच्या मते स्वतःची मुलं शेजाऱ्याकडे झोपवणं.

*

घोटीच्या भाऊसाहेबांची भाताची गिरणी होती. त्यांना साइट हवी होती, कारण त्यांच्या व्याह्यांची होती. एकदा ते अचानक आले आणि म्हणाले, दाखवा. आम्ही सांगितलं की बिल्ड झालंय, म्हणजे साइट आमच्या कॉम्प्युटरवर तयार आहे. पब्लिश होत नाहीये, म्हणजे सर्व्हरवर जाऊन जगाला दिसत नाहीये.

भाऊसाहेबांनी मान डोलावली. "म्हंजे भात झोडून झालाय, पण खळ्यावरच पडून हाय."

कॉलेजात चार वर्षं काढून आम्हाला जे नीट सांगता येत नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात उरकलं. तेव्हापासून पब्लिश अडलं, की आम्ही 'खळ्यावर' म्हणायला लागलो.

*

एकदा सर्व्हरवर जागाच उरली नाही. शोधाशोध केली तर कोपऱ्यातल्या एका फोल्डरमध्ये सचिनच्या लग्नाचे सगळे फोटो निघाले, वर दोन्ही दिवसांचं व्हिडिओ शूटिंग. घरचा कॉम्प्युटर भरला म्हणून त्याने इथे आणून ठेवले होते.

सर म्हणाले, आत्ताच्या आत्ता निम्मे काढ. सचिनने फोटो वरखाली करून पाहिले. मग म्हणाला, "सर, तिच्या माहेरचे काढले तर घरी सांगणार नाही ना?"

*

आता वैशालीचं. ही मुलगी कळवणची. हुशार, बोलायला कमी, आणि हात असा चालायचा की सचिन ज्या चुकीवर अर्धा तास घालवायचा, ती ही पाच मिनिटांत दुरुस्त करायची. पण गंमत बघा, सचिनचं काम मुकाट्याने सर्व्हरवर जायचं आणि नेमकं हिचं अडायचं. बिल्ड व्यवस्थित. पब्लिशचं बटण दाबलं, की मशीन म्हणायचं, नवीन काही नाही. आणि साइट जुनीच.

तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेलं होतं. पर्मनंटचं पत्र मिळालं तर नाशिकमध्ये राहायचं, नाही तर कळवणला परत, असं वडिलांशी ठरलेलं. ते ऑफिसच्या फोनवर फोन करायचे आणि फोनमधून आम्हा सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने एकच विचारायचे, "नोकरी पक्की व्हयनी का?" ती हळूच, होईल, म्हणायची. आम्ही उगाच कीबोर्ड बडवत बसायचो.

सरांच्या मनात मात्र बसलं, की पोरगी घाई करते. "सगळ्यांचं जातं, तुझंच का अडतं?" हे त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, आणि मला ते अजिबात आवडलं नव्हतं.

*

यावर सचिनने एक उपाय शोधून काढला. अडलं की खाली टपरीवर जायचं, चहा प्यायचा, वर येऊन पुन्हा बिल्ड करायचं आणि बटण दाबायचं. आणि काम सर्व्हरवर जायचं हो! प्रत्येक वेळी! का, ते कुणालाच माहीत नव्हतं. सचिनचं म्हणणं, मशीन तापतं, त्याला विश्रांती लागते. वैशालीला ते पटायचं नाही. ती चहा पिताना नुसती विचार करत राहायची.

*

पंचवटीतल्या एका गुरुजींची साइट होती. पूजेचं बुकिंग घरबसल्या. त्यांनी अट घातली, की साइट मुहूर्तावरच सुरू करायची. आम्ही सकाळी एकदा चाचणीसाठी सर्व्हरवर टाकली, तर देवाचा फोटो उलटा. वैशालीने तो लगेच सुलटा केला आणि बटणाकडे हात नेला.

गुरुजी म्हणाले, थांबा, अजून वेळ आहे. बिल्ड की काय ते, तेही मुहूर्तावरच करा. आम्ही हात बांधून बसलो. मुहूर्त लागला, वैशालीने बिल्ड केलं, बटण दाबलं, आणि पहिल्या फटक्यात साइट वर!

सचिनने गुरुजींना वाकून नमस्कार केला. वैशाली तिथेच उभी होती. म्हणाली, "मुहूर्त असो नाही तर चहा. दोन्ही वेळेला आपण फक्त थांबलोय."

*

थोडं सरांविषयी सांगायला हवं. सर राहायला नाशिक रोडला. कंपनी काढण्याआधी रोज पहाटेच्या गाडीने मुंबईला नोकरीला जायचे. एकदा गाडी डोळ्यांदेखत सुटली, आणि तेव्हापासून मनगटावरचं सोडून त्यांच्या ताब्यातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे. घरातली, स्कूटरच्या डिक्कीतलं, ऑफिसातलं भिंतीवरचं. आम्ही सकाळी किती वाजता आलो हे ते भिंतीवर बघायचे, आणि संध्याकाळी किती वाजता निघालो हे मनगटावरच्या बरोबर घड्याळात. आमच्या टेबलांवरच्या कॉम्प्युटरची वेळही खरी होती, कारण तिथल्या पसाऱ्यात हात घालायची त्यांची तयारी नव्हती.

तर गुरुजी गेल्यावर वैशाली बराच वेळ त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मग सरांच्या टेबलाशी गेली.

"सर, सर्व्हरचं घड्याळपण पुढे आहे का?"

"अर्थात," सर म्हणाले. "सर्व्हर काय ऑफिसच्या बाहेर आहे?"

ती हसली. त्या नोकरीत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग तिने समजावलं. पब्लिश करताना मशीन फक्त नवीन फाइल उचलतं. सर्व्हर स्वतःकडे आलेल्या फाइलवर दहा मिनिटं पुढची वेळ टाकतो. मग कुणी पाच मिनिटांत चूक दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती त्याला जुनी वाटते आणि तो ती घेतच नाही. सचिनला अर्धा तास लागतो, म्हणून त्याचं कधी अडत नाही.

"म्हणजे हळू काम करणं बरोबर होतं," सचिन म्हणाला. सरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते उठले, सर्व्हरची वेळ स्वतः बरोबर केली आणि जागेवर येऊन बसले. भिंतीवरचं घड्याळ मात्र त्यांनी तसंच ठेवलं.

*

आणि आता भाऊसाहेबांच्या गिरणीची साइट सुरू झाली तो दिवस. वैशालीचे सहा महिने त्याच आठवड्यात संपत होते. पत्र टाइप होऊन सरांच्या टेबलावर पडलेलं, सही बाकी. ते तिलाही दिसत होतं. भाऊसाहेब नवीन टोपी घालून समोर बसलेले, पायाशी इंद्रायणी तांदळाची पिशवी.

वैशालीने बिल्ड केलं. बटण दाबलं. नवीन काही नाही.

मी सर्व्हरचं घड्याळ पाहिलं. अगदी बरोबर. जागा पाहिली. भरपूर. सचिनने वायर हलवून पाहिली. वैशालीने पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिचे कान लाल झाले. हिला आता परत जावं लागणार, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं.

भाऊसाहेब हळूच म्हणाले, "खळ्यावर का?"

तेवढ्यात सर पत्र घेऊन तिच्या टेबलापाशी आले आणि पेन मागितलं.

"सर, साइट अजून गेलेली नाही," ती म्हणाली.

"दिसतंय मला. पेन दे."

तिथेच, तिच्या कीबोर्डशेजारी पत्र ठेवून त्यांनी सही केली. मग आम्हाला म्हणाले, चला, चहा घेऊ. सगळे खाली गेलो, भाऊसाहेबसुद्धा. वैशालीने पत्राची घडी पर्समध्ये ठेवली, परत काढून बघितली, परत ठेवली.

वर आलो. तिने काहीही बदललं नाही, नव्याने बिल्डसुद्धा केलं नाही. नुसतं तेच बटण पुन्हा दाबलं.

घोटीची गिरणी सर्व्हरवर गेली.

वैशाली पुढे आठवडाभर कारण शोधत होती. मी पण शोधलं, सरांनी पण. ते काही सापडलं नाही. त्या दिवशी भाऊसाहेबांनी डोळे बारीक करून स्क्रीनवरची आपली गिरणी पाहिली, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "ताई, चहात साखर किती व्हती, तेवढं लिहून ठेवा."