हिनाची चौकशी

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी सुट्टीवर, माढा तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. ॲनिमल ट्रान्सपोर्ट, म्हणजे खेचरांची कंपनी. बातमी गावात पसरायला अर्धा दिवसही लागला नाही. थोरले बंधू चारचौघांत म्हणाले, "बंदूक मिळंल म्हणून गेलावता, हातात खरारा दिला की." लोक लई हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

हसणं पहिल्या हिवाळ्यात थांबलं. सडक जिथं संपते तिथून वरच्या पोस्टपर्यंत आटा, रॉकेल, औषधं, ॲम्युनिशन, सगळं खेचराच्या पाठीवरून जातं. हेलिकॉप्टर हवा बघून येतं. खेचराला हवा कशीही असो, निघावं लागतं. त्याच्या दोरीला धरून जो जवान चालतो त्याला आमच्याकडं ड्रायव्हर म्हणतात. मी ड्रायव्हर म्हणून लागलो आणि हवालदार म्हणून रिटायर झालो. आमच्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, म्हणून मीही मेजर.

लाइनवरचा, म्हणजे खेचरांच्या तबेल्यावरचा, दिवस ठरलेला असायचा. पहाटे हजेरी, आधी जनावरांची, नंतर आमची. पाणी, मग गवत, मग दाणा. खरारा. चारही खूर उचलून बघायचे, खुरावर डागलेला नंबर वाचायचा, मोठ्यानं सांगायचा. एवढं झाल्यावर ड्रायव्हरचा चहा. उलटा क्रम करणाऱ्याला त्या दिवशी चहा नाही.

आमचे उस्ताद हवालदार ठाकुर. हिमाचलचे, अंगानं बारके, आवाज मात्र तोफेचा. ते रोज एक गोष्ट सांगायचे. "घोड़ा-खच्चर उल्टी नहीं करता. जो अंदर गया, ऊपर से वापस नहीं आएगा." गाय खाल्लेलं परत तोंडात आणून चघळत बसते. घोड्याच्या जातीला ते जमत नाही. पोट लहान आणि वाट एकेरी. दमलेल्या, उपाशी जनावरापुढं दाण्याचा ढीग टाकला तर ते खात सुटतं, दाणा आत फुगतो आणि पोट फुटतं. म्हणून आधी गवत, मग दाणा, तोही थोडा थोडा.

बलबीर आमच्यात नवा आला होता, हरियाणाचा पोरगेला गडी. त्याच्या खेचरीचं नाव रानी. एकदा वरून परतताना कॉन्व्हॉय बर्फात अडकला. मी खाली रेडिओजवळ होतो.

"अल्फा, मैं टायगर. कॉन्व्हॉय कहाँ है? ओव्हर."

"नाले के पास. रास्ता बंद. ओव्हर."

"कॅज्युअल्टी? ओव्हर."

"आदमी ठीक. जानवर ठीक. सब भूखे हैं. ओव्हर."

वाट मोकळी झाली, सगळे खाली आले. बलबीरनं स्वतः काही खाल्लं नाही. आधी रानीच्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांधला. तो संपला म्हणून दुसरा बांधला. मायेनं बांधला, हे मी आजही सांगतो. उस्ताद लाइनच्या दुसऱ्या टोकाला जखमी खूर बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी रानी मेली.

तिच्यासाठी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. एक खेचर मेलं म्हणून तीन ऑफिसर टेबलामागं बसले. दाण्याचं गोदाम कुणी उघडलं, कुणाच्या हुकुमानं उघडलं, पाणी आधी दिलं की नंतर, त्या वेळी उस्ताद कुठं होते, ड्यूटी ऑफिसर कुठं होता. प्रत्येकाचं स्टेटमेंट झालं, माझंही. बलबीरला शिक्षा झाली. ती त्यानं मान खाली घालून भोगली. त्यानंतर गवत पोटात गेल्याशिवाय त्यानं कुठल्या जनावराला दाणा दाखवला नाही. तेव्हा मला वाटलं होतं, एका खेचरासाठी केवढा हा कुटाणा. आता तसं वाटत नाही.

रिटायर होऊन सोलापुरात घर केलं. हितं टांगे कधीच संपले. घोडी उरली ती लग्नाच्या वरातीपुरती. चैत्र-वैशाखात भर उन्हात, डांबरावर, डीजेच्या भिंतीपुढं तिला उभी करतात. अंगावर झालर, कपाळाला गोंडा, पाठीवर नवरदेव. कुठं कुठं बाजेवर चढवून नाचवतात. लोक म्हणतात घोडी काय नाचती. तिच्या तोंडातला लगाम काटेरी असतो. ओढला की काटे जिभेत आणि गालात रुततात, म्हणून ती पाय उचलते. त्याला हे लोक नाच म्हणतात आणि नोटा ओवाळतात.

मी वराती अडवायला लागलो. हा लगाम कायद्यानं बंद आहे, तो बदला, घोडीला सावलीत घ्या, पाणी द्या, एवढंच मागायचो. शिव्या भरपूर खाल्ल्या. "मेजर, तुमाला दुसरं काय काम न्हाय का? मुहूर्त चाललाय." मुहूर्ताची यांना केवढी काळजी. वरात दोन तास चौकात नाचवतात तेव्हा मुहूर्त कुठं जातो कोण जाणे. माझ्या बाजूनं एकच माणूस ठाम उभं राहिलं, डॉक्टर चिलवेरी. जनावरांच्या डॉक्टर. वडिलांचा चादरीचा माग होता, पोरगी शिकून डॉक्टर झाली. फोन केला की येतात आणि फालतू बोलत नाहीत.

त्या दिवशी विजापूर रोडच्या बाजूला एका मंगल कार्यालयापुढं तांबडी घोडी गुडघ्यावर बसली. ऊन मी म्हणत होतं. नवरदेव खाली उतरेना, कारण व्हिडिओ चालू होता. घोडीवाला रफिक तिला उठवायला लगाम ओढत होता आणि तिच्या तोंडातून तांबडा फेस गळत होता. मी मध्ये पडलो, पोलीस बोलावले. डॉक्टरबाईंनी लगाम काढला. जिभेची एक कड फाटली होती. गुन्हा दाखल झाला आणि घोडी मुद्देमाल म्हणून जप्त झाली. पंचनाम्यात लिहिलं, घोडी एक, रंग तांबडा.

"नाम हिना है उसका," रफिक म्हणाला. त्याचं कुणी लिहून घेतलं नाही. मग तो माझ्याकडं वळला. "मेजरसाब, मेरेकू क्या शौक है क्या? काँटे बगैर लेके गया तो पार्टी बोलती, मरियल घोडी लाया, नाचतीच नई."

"हे कोर्टात सांग," मी म्हणालो. आजही तेच म्हणेन.

आता घोडी ठेवायची कुठं? जप्त घोडा ठेवायला आसपास जागाच नाही. मी म्हणालो, माझ्या गावी नेतो, गोठा आहे, गवत आहे, मी आहे. उत्तर आलं, तक्रारदाराच्या ताब्यात मुद्देमाल देता येत नाही. म्हणून तिला शहराबाहेरच्या एका गोशाळेत पाठवली. गोशाळा चालवणारे अण्णा वाईट माणूस नाहीत. कसायाच्या दारातनं सुटलेल्या कितीतरी गायी त्यांनी जगवल्यात. ते वाईट असते तर मला राग तरी धडपणे काढता आला असता.

मी आणि डॉक्टरबाईंनी अण्णांना समोर बसवून सांगितलं. ही गाय नाही. वाळलेला कडबा, गवत, पाणी. दाणा मी आणेन, मी घालेन. बाकी तोंडाला काही लावू नका, जीव जाईल.

"व्हय व्हय मेजर. आमी काय येडे हाय का?" अण्णा म्हणाले.

तरी मी पत्र्यावर रंगानं लिहून तिच्या खुंट्याजवळ बोर्ड ठोकला. घोडीला बाहेरचं काही घालू नये. घातल्यास मरेल. अक्षर मोठं काढलं, लांबून वाचता येईल असं.

रोज सकाळी मी जायचो. पाणी, गवत, खरारा, दाणा. फौजेतला क्रम हाताला अजून पाठ होता. तोंडातल्या जखमा भरत आल्या. आधी माणूस जवळ गेला की ती डोकं वर फेकायची. मग माझ्या गाडीचा आवाज ओळखायला लागली. फाटकाशी पोचायच्या आधी खिंकाळायची, आणि जवळ गेलो की खिशात तोंड घालून गाजर शोधायची. घरी बायको म्हणाली, "आमची कदी एवढी वाट बघितली न्हाय तुमी." मला बरं वाटत होतं, हे लपवत नाही. कोर्टातून तिची कायमची सोय लागेपर्यंत तिला जगवायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

एका सकाळी फाटकाशी पोचलो तर खिंकाळणं आलं नाही.

माझ्या बोर्डावर फ्लेक्स लागला होता. कुणा दात्याच्या चिरंजीवाचं लग्न, दात्याचा हात जोडलेला फोटो, खाली अन्नदानाबद्दल आभार. बोर्डाचे खांब आयते मिळाले म्हणून त्यांनाच बांधला होता. बाजूला रिकामी पिंपं. हिना पुढच्या पायानं जमीन उकरत होती, मान वळवून स्वतःच्या पोटाकडं बघत होती. अंग घामानं भिजलं होतं.

"काय घातलं हिला?"

"काय न्हाय वो," अण्णा म्हणाले. "काल सांजच्याला लग्नातलं उरलेलं आलतं. शिरा, भात, पुऱ्या. गायींनी खाल्लं. हिचं तोंड बघवंना, म्हणून घातलं."

"किती?"

"आता ते कोण मोजतंय. खातीया म्हणून घातलं. पुण्याचं काम हाय, मेजर."

मी फोन लावला. डॉक्टरबाई मंगळवेढ्याला कॅम्पवर होत्या.

"पोटाकडं बघतेय?"

"हो."

"लोळते?"

"बसायला बघतेय."

"बसू देऊ नका. चालवा. तोंडातून काहीही पाजू नका. मी निघाले."

मी तिला चालवायला लागलो. अण्णा तेलाची बाटली घेऊन आले. "गायीचं पोट फुगलं की हेच देतो. लगीच सुटतंय."

"अण्णा, बाटली खाली ठेवा."

"अवो, पर..."

"खाली ठेवा म्हणलं."

लाइनवर ज्या आवाजात बोलायचो तो आवाज निघाला. अण्णांनी बाटली ठेवली. तोवर दर्शनाला आलेले लोक जमले होते, कुणी मोबाईल धरून उभं होतं. मी हिनाला गोल गोल फिरवत होतो. तिचे पाय अडखळत होते, पण माझ्या दोरीबरोबर ती येत होती.

मग ती एकदम शांत झाली. पाय उकरणं थांबलं, मान खाली आली. गर्दीतली एक बाई म्हणाली, "बगा, आराम पडला बिचारीला." अण्णांनी हात जोडले. मी तिच्या कानाला हात लावला. कान गार होता. ओठ वर करून बघितला, हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. रानीलाही असाच आराम पडला होता. पोट फुटलं की ताण जातो आणि दुखणं थोडा वेळ थांबतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. हिनानं माझ्या खिशाकडं तोंड नेलं, हुंगलं आणि तसंच ठेवलं.

डॉक्टरबाई आल्या. हिरडी दाबून बघितली, पोटाला कान लावला, मग माझ्याकडं बघितलं. "कायमचं झोपवायला लागेल." मी मान हलवली. पोलीस ठाण्यातून आलेला हवालदार म्हणाला, मुद्देमाल आहे, साहेबांना विचारावं लागेल, साहेब मीटिंगमध्ये आहेत. डॉक्टरबाईंनी सुई भरली. "माझं नाव लिहा," म्हणाल्या. मी दोरी धरून उभा राहिलो. ती माझ्या बाजूला कलली.

रफिकला कुणीतरी फोन केला असावा. तो धावतपळत आला, खांद्यावरचा रुमाल काढून हिनाच्या डोळ्यांवर टाकला आणि तिथंच मातीत बसला. मग वर न बघता म्हणाला, "मेरे पास रहती तो मार खाती थी, मेजरसाब. मरती नई थी."

मी ती वरात अडवली नसती तर ती त्या डांबरावर मेली असती, असं मी स्वतःला सांगतो. सांगताना आवाज चढतो, एवढं कळतं.

जेसीबीनं गोशाळेमागं खड्डा काढला. खाली सोडण्याआधी मी सवयीनं तिचा पुढचा खूर उचलला आणि नंबर वाचायला वाकलो. खूर कोरा होता. रफिकनं विचारलं, "क्या देख रै?" मी म्हणालो, "काही नाही." कागदोपत्री लिहिलं गेलं, मुद्देमाल आजारानं मयत. दाता कोण, पिंपं कुणी उतरवली, बोर्डावर फ्लेक्स कुणी बांधला, कुणी विचारलं नाही. त्याच आठवड्यात दुसऱ्या लग्नाची पिंपं आली. अण्णांनी ती गायींपुढं ओतली आणि मला बघून मान फिरवली.

फौजेत हे प्रश्न एका टेबलामागून विचारले असते. हितं टेबल नाही, म्हणून माझं स्टेटमेंट मी असं देतोय. घोडीला शिरा-भात कुणी घातला, हे मी वर सांगितलंय. काटेरी लगाम कुणाच्या हौसेसाठी होता, हेही सांगितलंय. तुमच्या घरी लग्न निघालं तर दोन्ही एकदा वाचा.

रानी मेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बलबीर हिमस्खलनात गेला. सापडला तेव्हा त्याच्या मुठीला खेचराची दोरी गुंडाळलेली होती. त्याच्यासाठीही कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. तोही माझ्या रोजच्या आठवणीत असतो, आणि रानीही. आता हिना. तिघांपैकी दोघांची चौकशी झाली.